नेमलेले आणि निवडलेले : कळमेश्वरवर चालणाऱ्या संचालक मंडळांचा इतिहास

नागपूर-इटारसी लोहमार्गावर, नागपूर आणि काटोल यांच्या दरम्यान वसलेले कळमेश्वर हे विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर तहसिलीत मोडणारे, काळ्या जमिनीवरचे, कापूस आणि धान्याच्या व्यापारावर जगणारे लहानसे बाजारगाव होते. आज ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण असून गावाची नगर परिषद, तालुक्याची कृषी उत्पन्न बाजार समिती आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र या तीन सत्ता तेथे शेजारी शेजारी नांदतात. या तिन्ही सत्तांचा कारभार मंडळाकडून चालतो. मात्र त्या मंडळावर माणूस कोणत्या वाटेने येऊन बसतो, या एका बाबतीत त्यांच्यात जे अंतर आहे, ते मध्य प्रांताच्या इंग्रजी अमलापासून आजच्या महाराष्ट्रापर्यंतच्या सुमारे दीडशे वर्षांच्या घडामोडींतून पडलेले आहे. विकास महामंडळाचे संचालक कसे निवडले जातात, हा प्रश्न विचारला की सहसा कायद्याचे कलम दाखवले जाते. कलमामागचा इतिहास पाहिला, तर ‘निवडणे’ हे क्रियापदच येथे फारसे लागू पडत नाही, असे आढळते.

मध्य प्रांतात लोकप्रतिनिधित्वाचा पहिला पद्धतशीर प्रयोग झाला तो १८८३ च्या स्थानिक स्वराज्य अधिनियमाने. आदल्या वर्षी, मे १८८२ मध्ये, लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव केला होता आणि तो अमलात आणण्यात मध्य प्रांताने विलंब लावला नाही. या अधिनियमाने प्रत्येक तहसिलीसाठी एक स्थानिक मंडळ आणि जिल्ह्यासाठी एक जिल्हा कौन्सिल अशी रचना केली. तहसिलीच्या मंडळावर तीन प्रकारचे सभासद असत. पहिले, गावांचे गट पाडून त्या गटांतील मुकादमांनी आपल्यातून पाठवलेले. दुसरे, व्यापारी आणि इतर व्यावसायिक वर्गाचे प्रतिनिधी. आणि तिसरे, सरकारने नेमलेले. मुकादम म्हणजे गावचा सरकारमान्य प्रमुख, बहुधा मालगुजार किंवा त्याचा मुखत्यार. मालगुजार म्हणजे ज्याच्याकडून सरकार गावाचा सारा वसूल करी आणि ज्याला त्या मोबदल्यात गावावर मालकीहक्क मिळालेला असे, तो. म्हणजे कुणब्याच्या किंवा शेतमजुराच्या मताचा येथे प्रश्नच नव्हता आणि या व्यवस्थेला लोकशाही म्हणणे फाजील औदार्याचे ठरेल. तरीही तिच्यात एक मर्यादा घातलेली होती, जी पुढच्या विवेचनात वारंवार आठवावी लागेल: सरकारने नेमलेल्या सभासदांची संख्या एकूण सभासदांच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त असू नये. परक्या राज्यकर्त्याने आपल्याच नेमणुकीच्या अधिकाराला घातलेले हे कुंपण होते.

याच सुमारास हितसंबंधांना जागा देण्याची दुसरी एक परंपरा मुंबईत आकाराला येत होती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, दाट वस्ती फोडून रस्ते आणि चाळी उभारण्यासाठी मुंबईत सुधार प्रन्यास स्थापन झाला. प्रन्यास म्हणजे विशिष्ट कामासाठी मालमत्ता आणि निधी ज्यांच्या हवाली केला आहे अशा विश्वस्तांची संस्था. त्याच्या विश्वस्तांमध्ये सरकारी अधिकारी आणि सरकारनियुक्त सभासद तर होतेच, पण महापालिका, चेंबर ऑफ कॉमर्स आणि पोर्ट ट्रस्ट यांनाही आपापले प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क होता. शहर सुधारण्याचे काम निवडून आलेल्या पालिकेकडे न देता वेगळ्या मंडळाकडे द्यावे, त्या मंडळाला जमीन सक्तीने घेण्याचा, ती विकसित करून विकण्याचा आणि कर्ज काढण्याचा अधिकार द्यावा, आणि त्यावर ज्यांचा पैसा किंवा व्यापार गुंतलेला आहे अशांना बसवावे, हा जो साचा तेव्हा तयार झाला, तोच पुढे देशभर फिरला. नागपुरात तो १९३६ च्या अधिनियमाने आला. नागपूर सुधार प्रन्यास, ज्याला नागपूरकर ‘नासुप्र’ म्हणतात, तो शासननियुक्त सभापती, नगरपालिकेकडून आलेले विश्वस्त आणि शासनाने नेमलेले विश्वस्त अशा मिश्र मंडळाने चालू लागला. शहराच्या निर्वाचित संस्थेला तेथे जागा होती, परंतु किल्ली सभापतीकडे होती आणि सभापती शासनाचा होता.

स्वातंत्र्यानंतर ‘विकास महामंडळ’ हा शब्द आणि ती कल्पना जी रुजली, तिचे मूळ मात्र अमेरिकेत होते. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी जे प्राधिकरण स्थापन झाले, त्याचे तीन संचालक राष्ट्राध्यक्षाने नेमायचे, पण त्याला सिनेटची संमती लागायची, अशी तरतूद होती. भारताने हा नमुना १९४८ च्या दामोदर खोरे महामंडळात उचलला, तेव्हा अध्यक्ष आणि दोन सदस्य केंद्र सरकारने संबंधित राज्यांशी विचारविनिमय करून नेमावेत, असे ठरले. सिनेटच्या जागी विचारविनिमय आला. विधिमंडळाने उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारावेत आणि मग संमती द्यावी किंवा नाकारावी, हा मूळ नमुन्यातील टप्पा प्रवासात गळून पडला, आणि नंतरच्या राज्यस्तरीय महामंडळांत तर विचारविनिमयही उरला नाही. या गळतीकडे प्रशासनाच्या अभ्यासकांनी द्यायला हवे होते तितके लक्ष दिलेले नाही.

कळमेश्वरचा प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यापूर्वी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विदर्भाच्या वाट्याला काय यावे याची बोली झाली होती. शासकीय खर्च, शिक्षणसंस्थांतील प्रवेश, शासनाच्या आणि शासननियंत्रित उपक्रमांच्या नोकऱ्या यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, अशा त्यातल्या मुख्य अटी होत्या. शासननियंत्रित उपक्रमांचा उल्लेख करारात आहे, ही लक्षात घेण्याची गोष्ट आहे. पण तो तेथल्या नोकऱ्यांपुरता आहे. त्या उपक्रमांचे धोरण ठरवणाऱ्या खुर्च्यांवर विदर्भाचा किती हक्क, याविषयी करार गप्प आहे. कराराच्या कर्त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण येत्या दशकात राज्याचा विकास खात्यांकडून निघून महामंडळांकडे जाणार आहे, हे १९५३ मध्ये फार थोड्यांना दिसत होते.

नव्या राज्यात ते लगेच घडले. औद्योगिक विकासाविषयीच्या बोरकर समितीच्या अहवालानंतर १ ऑक्टोबर १९६० रोजी औद्योगिक विकास मंडळ स्थापन झाले आणि त्याने राज्यभर औद्योगिक क्षेत्रांसाठी जागा हेरण्याचे काम सुरू केले. पाठोपाठ महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील छोटेखानी समारंभात महामंडळ अस्तित्वात आले. लोकांच्या तोंडी ते कायम ‘एमआयडीसी’ राहिले. इतके की नागपूर जिल्ह्यात हिंगण्याला, बुटीबोरीला किंवा कळमेश्वरला ‘एमआयडीसी’ हे संस्थेचे नाव न राहता जागेचे नाव झाले आहे.

या अधिनियमाने महामंडळाची घडण ज्या शब्दांत सांगितली आहे, ते शब्द सावकाश वाचण्यासारखे आहेत. शासनाने नामनिर्देशित केलेले अधिकारी सदस्य असतील आणि त्यांपैकी एक महामंडळाचा वित्तीय सल्लागार असेल, ही पहिली तरतूद. नामनिर्देशन म्हणजे मतदान किंवा स्पर्धा न होता एका प्राधिकाऱ्याने नाव घालून केलेली नेमणूक. विद्युत मंडळ आणि गृहनिर्माण मंडळ यांचे एकेक प्रतिनिधी, ही पुढची तरतूद. कारखान्याला वीज लागते आणि कामगाराला घर, हे तिच्यामागचे साधे व्यावहारिक कारण. त्यानंतर, उद्योग, व्यापार किंवा वित्त यांचा अनुभव असलेले आणि त्यांत पात्रता दाखवलेले आहेत असे शासनाला वाटते, किंवा त्या क्षेत्रांत गुंतलेल्या अथवा नोकरी करणाऱ्या लोकांच्या हिताचे प्रतिनिधित्व करण्यास समर्थ आहेत असे ज्यांच्याविषयी शासनाचे मत आहे, अशा व्यक्तींमधून शासनाने नेमलेले अशासकीय सदस्य. शेवटी मुख्य कार्यकारी अधिकारी, जो पदसिद्ध सदस्य, म्हणजे केवळ त्या पदावर असल्यामुळे आपोआप सदस्य होतो आणि महामंडळाचा सचिव म्हणून काम पाहतो. सदस्यांपैकी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष कोण, हेही शासनच ठरवते.

या कलमाचा सगळा भार ‘शासनाला वाटते’ आणि ‘शासनाच्या मते’ या शब्दांवर आहे. अनुभव किती वर्षांचा, पात्रता कशी मोजायची, नावे कोणी सुचवायची, याविषयी कलम काही सांगत नाही. मुंबईच्या सुधार प्रन्यासात चेंबर ऑफ कॉमर्सला स्वतःचा माणूस स्वतः पाठवता येत होता. येथे उद्योजकांचा प्रतिनिधी कोण हे उद्योजकांच्या संघटनेने नव्हे, शासनाने ठरवायचे आहे. कामगारांच्या हिताचा उल्लेख त्या काळाला शोभेसा उदारपणे केलेला आहे, पण कामगार संघटनांनाही नाव देण्याचा हक्क नाही. १८८३ च्या कायद्यात नेमलेल्यांवर एक-तृतीयांशाची मर्यादा होती. १९६१ च्या कायद्यात नेमलेल्यांशिवाय कोणी नाहीच. अर्थात या दोन संस्थांची कामे वेगळी होती आणि स्वातंत्र्यानंतर नेमणारे शासन स्वतःच निवडून आलेले होते, त्यामुळे शासनाची नेमणूक हीच अप्रत्यक्ष लोकांची निवड, असा युक्तिवाद करता येतो आणि तो केलाही जातो. तो अगदी पोकळ नाही. परंतु त्याच युक्तिवादाने पाहिले तर वेगळ्या मंडळाची गरजच संपते. उद्योग खात्याने थेट काम करावे. वेगळे मंडळ करण्यामागे उद्देशच असा होता की दैनंदिन राजकारणापासून आणि सचिवालयाच्या लालफितीपासून दूर, व्यापारी पद्धतीने निर्णय घेता यावेत. प्रत्यक्षात उद्योगमंत्र्यांनीच महामंडळाचे अध्यक्षपद भूषवण्याची प्रथा पुढे पक्की झाली आणि जे अंतर राखण्यासाठी संस्था निर्माण झाली, ते तिच्या शिखरावरच पुसले गेले.

कळमेश्वरच्या दृष्टीने या कायद्यातील दुसरा भाग अधिक जवळचा होता. औद्योगिक क्षेत्र घोषित करणे, त्यासाठी अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणाखाली जमीन सक्तीने संपादन करणे, आणि ती विकसित करून भूखंड पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्योगांना देणे, हे काम या मंडळाच्या नावाने चालते. भूखंडधारकाला रस्ता, पाणी, बांधकामाची परवानगी यांसाठी जावे लागते ते नगर परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे नव्हे, तर महामंडळाकडे. विदर्भातल्या उद्योगांच्या इतिहासात कळमेश्वरचे नाव प्रामुख्याने येते ते १९८० च्या दशकात निप्पॉन डेन्रो इस्पात या कंपनीने तेथे उभारलेल्या पोलादी पत्र्यांच्या कारखान्यामुळे. हा कारखाना पुढे इस्पात इंडस्ट्रीज आणि त्यानंतर जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. कापसाच्या गाड्या ज्या रस्त्याने बाजारात येत, त्याच परिसरात जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांचे ट्रक उभे राहू लागले. या बदलाचा निर्णय घेणाऱ्या मंडळावर कळमेश्वरच्या नावाची जागा तेव्हा नव्हती आणि आजही नाही. कोणत्याही एका औद्योगिक क्षेत्राची नाही. कायद्याने क्षेत्रांचा नव्हे, विषयांचा विचार केला.

प्रदेशाला जागा हवी, ही मागणी मात्र थांबली नाही. तिच्या पहिल्या उत्तराचे स्वरूप प्रादेशिक विकास महामंडळांचे होते. मराठवाड्यासाठी १९६७ मध्ये आणि विदर्भ, कोकण व पश्चिम महाराष्ट्र यांच्यासाठी १९७० मध्ये अशी महामंडळे स्थापन झाली. मुख्यमंत्री तेव्हा पुसदचे, म्हणजे विदर्भातले, वसंतराव नाईक होते. ही महामंडळे औद्योगिक विकास महामंडळाप्रमाणे स्वतंत्र अधिनियमाने जन्मलेली नव्हती. ती कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या शासकीय कंपन्या होत्या आणि हा फरक संचालकांच्या निवडीत मोठा आहे. साध्या कंपनीत संचालक वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारकांच्या मताने निवडले जातात. शासकीय कंपनी म्हणजे जिच्या भरणा झालेल्या भागभांडवलाचा किमान एक्कावन्न टक्के हिस्सा सरकारकडे आहे अशी कंपनी. आणि जेथे बहुतेक सगळे भाग राज्यपालांच्या नावे आणि कायद्याने आवश्यक असलेली भागधारकांची संख्या भरून काढण्यापुरते एक-दोन भाग अधिकाऱ्यांच्या नावे असतात, तेथे सर्वसाधारण सभा हा एक औपचारिक विधी उरतो. कंपनीच्या नियमावलीतच संचालक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार राज्यपालांना, म्हणजे व्यवहारात संबंधित खात्याला, दिलेला असतो. खात्याने काढलेला शासन निर्णय हीच येथली निवडणूक. त्या निर्णयावर नाव आले की संचालक, आणि नव्या निर्णयाने नाव गेले की माजी संचालक.

विदर्भ विकास महामंडळाच्या मंडळावर विदर्भातली माणसे असावीत, ही अपेक्षा या पद्धतीने बऱ्याच अंशी पुरी झाली असे म्हणता येईल. पण जागा मिळाली तेव्हा तिच्यामागची तिजोरी लहान होती. मोठे भूसंपादन आणि मोठे प्रकल्प औद्योगिक विकास महामंडळाकडे होते, मोठी कर्जे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिकॉम’ या राज्याच्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाकडे होती, आणि प्रादेशिक महामंडळाकडे लहान उपकंपन्या काढून चालवण्याचे उरलेसुरले काम आले. पुढील काळात हे महामंडळ काम थांबलेल्या शासकीय कंपन्यांच्या यादीत जाऊन पडले. संचालकांची निवड प्रदेशातून करणे आणि प्रदेशाला निर्णयाची सत्ता देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विदर्भाने येथे प्रथम अनुभवले.

दुसरे उत्तर राज्यघटनेतून आले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे स्थापण्याची तरतूद केली होती, पण ती जवळजवळ चार दशके कागदावर राहिली. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्यातील विकासाचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा जो भाग मागे पडला त्याची भरपाई करण्यास लागणारा खर्च, सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. त्याच वर्षी जुलैमध्ये विधिमंडळाने मंडळांची मागणी करणारा ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश निघाला मार्च १९९४ मध्ये आणि ३० एप्रिल १९९४ रोजी राज्यपालांच्या आदेशाने मंडळे अस्तित्वात आली. विदर्भाचे वैधानिक विकास मंडळ नागपुरात बसले. त्याचे सदस्य सात: त्या प्रदेशातील विधिमंडळाचा एक सदस्य, स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक सदस्य, नियोजन, वित्त आदी विषयांतील तीन तज्ज्ञ, विभागीय आयुक्त आणि एक सदस्य-सचिव. नेमणारे मंत्री नव्हे, राज्यपाल. महाराष्ट्रातल्या विकासविषयक मंडळांच्या इतिहासात एवढी विचारपूर्वक घडवलेली रचना दुसरी नाही: लोकप्रतिनिधी, स्थानिक संस्था, तज्ज्ञ आणि प्रशासन यांचे प्रमाण ठरलेले, आणि नेमणुकीचा अधिकार दैनंदिन सत्तेपासून एक पायरी दूर ठेवलेला. दुर्दैवाने या मंडळाला शिफारस करता येत होती, खर्च करता येत नव्हता. जेथे घडण उत्तम तेथे अधिकार नाही, आणि जेथे अधिकार आहे तेथे घडणीचा विचार नाही, हे गणित कळमेश्वरच्या वाट्याला आलेल्या जवळपास प्रत्येक संस्थेला लागू पडते. २०११ मध्ये मंडळाच्या नावातला ‘वैधानिक’ हा शब्द गेला आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली.

मंडळे स्थापन झाल्यावर दोन-चार वर्षांतच पाटबंधाऱ्यांची महामंडळे आली. १९९६ मध्ये कृष्णा खोऱ्यासाठी आणि १९९७-९८ मध्ये विदर्भासह इतर विभागांसाठी अधिनियम करून अशी महामंडळे उभारली गेली. बाजारातून कर्जरोखे काढून धरणे जलद पुरी करावीत, हा हेतू. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय नागपूरला असले, तरी नियामक मंडळाचे अध्यक्ष पदसिद्ध म्हणून खात्याचे मंत्री. येथे औद्योगिक महामंडळात प्रथेने जे झाले, ते प्रारंभापासून कायद्यानेच झाले.

अशासकीय नेमणुकांविषयी लोकांच्या बोलण्यात जी भाषा रुळली आहे, तिची दखल घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. महामंडळावर कोणाची ‘वर्णी लागली’, निवडणुकीत पडलेल्या किंवा मंत्रिपद हुकलेल्या पुढाऱ्याचे ‘पुनर्वसन झाले’, ही वृत्तपत्रांची नित्याची शब्दयोजना आहे. पुनर्वसन हा शब्द मूळचा धरणग्रस्तांचा. तो नेत्यांना लागू व्हावा, हा मराठी राजकीय भाषेचा कडवट विनोद म्हणावा लागेल. या व्यवहाराला दोन कायदेशीर आधार आहेत. लाभाचे पद, म्हणजे शासनाच्या अखत्यारीतील असे पद ज्यातून आर्थिक लाभ होतो, धारण करणारा आमदार घटनेच्या अनुच्छेद १९१ नुसार अपात्र ठरतो. परंतु विधानमंडळ सदस्यांची अनर्हता दूर करणारा १९५६ चा राज्य अधिनियम अशा अनेक पदांना त्यातून सूट देतो. दुसरा आधार अप्रत्यक्ष आहे. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांवर मर्यादित केला. महाराष्ट्राच्या २८८ सदस्यांच्या विधानसभेत ही मर्यादा त्रेचाळीसवर येते. आघाडीच्या राजकारणात इतक्या थोड्या मंत्रिपदांत सर्वांना सामावणे अशक्य झाल्यावर महामंडळांच्या अध्यक्षपदांचे मोल वाढले आणि काही अध्यक्षांना राज्यमंत्र्याचा दर्जा देण्याची चाल पडली. वाटप मात्र पक्षांमध्ये एकमत न झाल्याने लांबत जाते आणि अनेक मंडळे दीर्घकाळ केवळ अधिकाऱ्यांच्या भरवशावर चालतात. सदस्याची जागा रिकामी असल्यामुळे कामकाज अवैध ठरत नाही, असे कलम अशा बहुतेक अधिनियमांत असतेच. अपवादासाठी केलेली ही सोय नित्याची होऊन बसली, की मंडळ असून नसल्यासारखे होते.

या सगळ्याच्या शेजारी कळमेश्वरची कृषी उत्पन्न बाजार समिती ठेवून पाहिली पाहिजे. नियंत्रित बाजाराची कल्पना विदर्भाला परकी नाही. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा हा देशातल्या अशा कायद्यांपैकी अगदी आरंभीचा. त्या वेळच्या बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. १९६३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने हे पारडे फिरवले. आज समितीच्या अठरा संचालकांपैकी पंधरा शेतकरी असतात: अकरा सेवा सहकारी संस्थांच्या मतदारसंघातून आणि चार ग्रामपंचायतींच्या मतदारसंघातून. उरलेल्या तिघांपैकी दोन व्यापारी आणि अडते यांच्यातून, आणि एक हमाल व मापारी यांच्यातून. मापारी म्हणजे बाजारात माल तोलणारा. येथे मतदार यादी असते, उमेदवारी असते, पॅनेल असतात, हरकती असतात, आणि निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो. मतदार कोण असावा यावरही झगडा होतो: २०१७ मध्ये किमान दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मत देण्यात आले आणि २०२० मध्ये ते काढून घेऊन पुन्हा संस्थांच्या आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांकडे सोपवण्यात आले. बाजार समित्यांच्या कारभाराविषयी तक्रारी थोड्या नाहीत. शासन त्यांच्यावर प्रशासकही नेमू शकते. परंतु संचालकाच्या नावावरून तालुक्यात वाद होतो, एवढ्यानेच त्या पदाला जबाबदारीचा अंकुश लागतो. औद्योगिक महामंडळाच्या सदस्याचे नाव तालुक्यात सहसा कोणाला ठाऊकही नसते.

अलीकडे नियोजनाच्या क्षेत्रात निवडलेल्या आणि नेमलेल्या मंडळांची हीच जोडी पुन्हा उभी राहिली आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीचे दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावेत, असे घटनेतच लिहिले. १८८३ च्या प्रमाणाशी हे प्रमाण जुळावे, हा योगायोग असला तरी बोलका आहे. मात्र योजना प्रत्यक्षात आणण्यासाठी जे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१६ च्या अधिनियमाखाली मार्च २०१७ मध्ये स्थापन झाले, आणि ज्याच्या क्षेत्रात नागपूर ग्रामीण, हिंगणा, कामठी, मौदा, पारशिवनी यांच्याबरोबर कळमेश्वर तालुक्यातील गावेही आली, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री आहेत.

कळमेश्वर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा कापूस ज्या समितीच्या आवारात विकला जातो, तिच्यावर तोलणाऱ्या मापाऱ्यासाठी आणि पोती वाहणाऱ्या हमालासाठी कायद्याने एक जागा राखलेली आहे. त्याच शेतकऱ्याची जमीन ज्या महामंडळासाठी संपादित होते, त्याच्या सदस्यांविषयीच्या कलमात उद्योग आहे, व्यापार आहे, वित्त आहे, वीज आणि घरे आहेत. जमीन देणाऱ्याचा उल्लेख नाही.